पुढच्या चाकाचा हब

"काका, एकच सांगा. यातली कुठली लावू?" पुतणीने सायकलच्या चाकांच्या दोन्ही जोड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. दोन तासांनी तिची शर्यत होती, आणि शर्यतीत घाटाचा उतार.

एक जोडी कार्बनची, उचलली तर हातात काही आहे असं वाटू नये. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, सिरॅमिकचे छर्रे. दुसरी पावशेराने जड, हबमध्ये साधे पोलादी छर्रे, पण सील असं जाडजूड की पाण्याच्या बापालाही आत शिरता येणार नाही. माहितीपत्रक वाचून कोणीही पहिलीच निवडेल. मी माहितीपत्रक वाचत नाही. हबमधला आस, एक्सल, चिमटीत धरायचा, डोळे मिटून फिरवायचा, बोटं सांगतील ते खरं. सगळा सायकल क्लब त्याच भरवशावर दुरुस्तीला माझ्याकडे येतो.

हलक्या जोडीतलं जुनं ग्रीस पुसलं, नवं भरलं, फिरवून पाहिलं. "लोण्यासारखं चाललंय. हीच लाव."

चाकं चढवून ती गेली. हात पुसायला फडकं उचललं, तर त्याला लागलेल्या, पुढच्या हबमधून पुसलेल्या ग्रीसमध्ये धातूची चुरी चमकत होती. छर्रे फिरतात ती आतली पोलादी कडी झिजलेली होती आणि माझ्या बोटांना काही म्हणजे काही लागलं नव्हतं.

लागणार कसं? चार महिने झाले, बोटं बधिर आहेत. बायको म्हणते डॉक्टरकडे चला. मी म्हणतो, उगाच बाऊ करू नकोस.

उतारावर ताशी सत्तरचा वेग, आणि पुढचं चाक अडकलं तर? फोन लावला. पोरीने उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी जड जोडी बायकोच्या हातात दिली आणि तिला स्कूटरवर मागे बसवलं.

"जरा हळू! आपणच पडलो तर तिला सांगणार कोण?" ती ओरडली.

पोचलो तेव्हा सगळे शर्यतीच्या रेषेवर रांगेत उभे राहिले होते. मी पुतणीला गाठलं. "उतर आधी. चाकं बदल."

"काका, पाच मिनिटं राहिलीत! तुम्हीच तर म्हणालात..."

"मला कळत नाही गं आता. बोटं मेलीत माझी."

आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. तिने चाकं काढली. दुसरी जोडीही मी तिलाच बसवायला लावली. बायकोने सायकल धरली.

सुटलो बुवा, असं म्हणत मान वर केली. चाळीसेक सायकली होत्या. त्यातल्या निम्म्या तरी या चार महिन्यांत माझ्या हाताखालून गेलेल्या. कोणी माझ्याकडे बघत होतं, कोणी खाली आपल्या चाकाकडे.

"थांबा, शिट्टी वाजवू नका," मी पंचांना ओरडून सांगितलं आणि रांगेतल्या पहिल्या मुलीसमोर जाऊन उभा राहिलो.

"तुझंही मीच पाहिलंय, बाळा. काढ ते."