नळीखालची जुई

मी एक जुनी जुई आहे. मित्रांनो, माझं मूळ नारायणगुड्यातल्या एका कुंपणावरचं. कुसुमताईंनी माझी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मी त्यांच्या मांडीवर बसून कुकटपल्लीला आले. गॅलरीतल्या कुंडीत रुजले, गजांना धरून वर चढले.

माझ्या पोटात एक घड्याळ आहे. ते आपलं आपण चालतं, पण जरा चुकतमाकत. दिवसाचं ऊन आणि सांजेचा गारवा त्याला रोज ताळ्यावर आणतात. वारा गार झाला की कळ्यांना कळायचं, आता उमलायचं. दिवेलागणीला कुसुमताई परडी घेऊन यायच्या, दत्ताच्या तसबिरीला गजरा गुंफायच्या. "माझी जुई वेळ चुकवत नाही," असं शेजारी सांगायच्या, आणि मी आणखी वीतभर वर चढायचे.

मग त्यांच्या लेकाला, योगेशला, रात्रीची नोकरी लागली. साहेब अमेरिकेत, हा घरात. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत एसी, दिवसभर झोप. एसीचं पाणी नळीतून गॅलरीत ठिबकायचं, आणि वाया जाणारं पाणी कुसुमताईंना बघवत नाही. त्यांनी माझी कुंडी ओढून नळीखाली ठेवली. मायेनंच ठेवली. पण तिथेच एसीचा बाहेरचा पंखा होता. सांज झाली की तो माझ्या अंगावर गरम वारा सोडायचा.

उजेड म्हणे, दिवस मावळला. ऊब म्हणे, आत्ता तर दुपार. मी कुणाचं ऐकायचं? उजेड लांब होता, पंखा कानाशी. हळूहळू मी पंख्याचीच झाले. पहाटे तो थांबला, गारवा लागला, की उमलायचे आणि उन्हात करपायचे. केरात ती सुकली फुलं बघून कुसुमताईंना वाटे, कळ्याच गळताहेत.

"मेलीला कसली धाड भरलीय," त्या रिकामी परडी आपटत म्हणाल्या.

योगेशने जांभई दिली. "तीपण नाइट शिफ्टला लागली, आई. नक्को ओरडू तिच्यावर."

"तू निदान जेवायला तरी उठतोस. गुरुवारपर्यंत बघते, नाहीतर उपटून टाकते."

मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, मला हातभर सरकवा. पण जुईला कुठला आवाज?

गुरुवारी उपटायला त्यांचा हात धजला नाही. माझी कुंडी जिन्यात नेऊन ठेवली; कुणाला हवी तर नेऊ दे. तिथे मला माझी सांज परत भेटली. आधी बावरले, मग घड्याळ सावरत गेलं. एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या कुसुमताई वासानं थबकल्या. पायरीवरच बसल्या, पदरात कळ्या खुडल्या.

"रुसली होतीस होय गं," म्हणत मला घरात नेलं. आणि पुन्हा त्याच नळीखाली ठेवलं.

"योगेश, एसी लाव रे, जुईला पाणी हवंय."

मित्रांनो, तुम्ही तरी ऐका. कुणाला जपायचं असेल तर पाण्याआधी त्याची वेळ त्याला द्या. मला पाणी पुरे झालं. मला संध्याकाळ हवी आहे. आणि आत दिवसभर झोपणाऱ्या त्या पोरालाही कधीतरी विचारा, त्यानं शेवटची सांज कधी पाहिली.