भाडेकरणीने खाली ठेवलेला पेला

जॉर्डनमधल्या आमच्या सल्त गावात माझ्या थोरल्या भावाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अबू हायेलने शब्द फिरवलेला आजवर कुणी पाहिला नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. मी त्याची बहीण नुहा. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. आता निवृत्त होऊन वडिलांच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. घर भावाच्या नावावर आहे, तो मात्र पलीकडच्या टेकडीवर नव्या घरात राहतो.

खालच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, तिथे मारिएता आली. स्लोव्हेनियाची बाई, उभा जन्म सूतगिरणीत गेलेला. गिरणीत इजिप्तहून कापसाच्या गासड्या यायच्या. त्यांच्यावरची अरबी अक्षरं रोज डोळ्यांसमोर, आणि आपल्याला वाचता येत नाहीत, याची तिला म्हणे लाज वाटायची. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे शेकत बसतात. ही बाई चंबूगबाळं उचलून अम्मानच्या विद्यापीठात अरबी शिकायला आली.

पण राहायचं कुठे? परदेशी म्हटल्यावर अम्मानच्या दलालांनी असे भाव सांगितले की गिरणीची पेन्शन पंधरवड्यात संपावी. शिवाय तिने अरबीत विचारलं की समोरचा इंग्रजीत उत्तर द्यायचा. अम्मानवाल्यांना आपण शिकलेले आहोत हे दाखवायची फार हौस. शेवटी कुणीतरी शहाण्याने तिला सल्तच्या बसमध्ये बसवून दिलं. भावाने दारातच किरकोळ भाडं सांगितलं आणि छाती पुढे काढून म्हणाला, "तुमचं शिक्षण संपेपर्यंत हे घर तुमचं." आमचे चुलते हाजी मुफ्लिह साक्षीला उभे होते.

माझीही एक अट होती. या घरात इंग्रजीचा एक शब्द चालणार नाही. सुरुवातीला ती पुस्तकातलं अरबी बोलायची. भाजीवाल्याला म्हणायची, "हे सद्गृहस्था, मजला वांगी प्रदान करा." अख्खा बाजार पोट धरून हसायचा. तीही हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. वर्षभरात ती त्याच भाजीवाल्याला, "कालची वांगी तुझ्या सासूला दे," असं सुनवायला लागली. मी हजारो मुली शिकवल्या, पण अशी चिवट विद्यार्थिनी कुठे पाहिली नाही.

मग गावात पर्यटक वाढले. पिवळ्या दगडाची जुनी घरं ज्यांच्याकडे होती त्यांना रात्रीची स्वप्नं दिवसा पडू लागली. भावालाही खालच्या खोल्यांत पाहुण्यांसाठी पलंग टाकायचे होते. पण शब्द दिलेला. मग तो आडून आडून सुचवू लागला. खोल्यांत ओल येते, या वयात पायऱ्या बऱ्या नव्हेत, असं काहीबाही. मारिएताने ओलीवर चुना मारून घेतला.

तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. खोल्या गेल्या असत्या तर अम्मानचं भाडं तिला झेपणार नव्हतं. अर्धवट अरबी घेऊन परत जायचं, एवढाच रस्ता उरला असता. माझ्याकडे वर एकच खोली, आणि तिथेही दुसरं माणूस ठेवायचं तर भावाचीच परवानगी हवी.

एका शुक्रवारी नमाजानंतर भाऊ हाजी मुफ्लिहना घेऊन थेट तिच्या दारात आला. अंगावर ठेवणीतला झगा. मला तेव्हाच शंका आली. मी खाली गेले.

मारिएताने पाहुण्यांना बसवलं आणि कॉफी केली. डाव्या हातात चंबू, उजव्या हातात पेला, आधी वडीलधाऱ्यांना. पेल्यात घोटभरच कॉफी ओतली, कारण काठोकाठ भरून देणं म्हणजे पाहुण्याला "ऊठ" म्हणणं. हे सगळं मीच तिला शिकवलेलं.

हाजींनी घोट घेतला. भावाने पेला घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याने पेला असा खाली ठेवला की तो काहीतरी मागायला आलाय. ते मिळेपर्यंत तो पिणार नाही, आणि पाहुण्याची कॉफी तशीच पडून राहिली तर यजमानाने गावात तोंड दाखवू नये. शब्द मोडायचा नाही म्हणून या माणसाने तो तिच्याकडूनच परत मागायची युक्ती काढली होती. मला इतका राग आला की तो माझा थोरला भाऊ आहे हे मी विसरणार होते.

"मारिएताबाई," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "मी दिलेल्या शब्दातून मला मोकळं करा. खोल्या हव्या आहेत."

ती परदेशी होती. "मला तुमच्या रीती कळत नाहीत," असं म्हणून सुटली असती, कुणी दोष दिला नसता. ती तसं म्हणाली नाही. तिचा चेहरा उतरला होता. मग ती हळू पण स्वच्छ म्हणाली, "कॉफी प्या, अबू हायेल. ज्यासाठी आलात ते तुम्हाला मिळालं."

भाऊ प्यायला. त्याला ती कडू लागली असणार, निदान मला तशी आशा आहे.

पेला रिकामा झाल्यावर मारिएता उठली. तिने कॉफीचा चंबू भावाच्या हातात दिला.

"आता घर तुमचं झालं," ती म्हणाली. "म्हणजे यजमान तुम्ही आणि पाहुणी मी. मला कॉफी नाही देणार?"

भाऊ गोंधळला, पण पाहुण्याने मागितल्यावर करतो काय? त्याने पेल्यात घोटभर ओतली. तिने तो उजव्या हाताने घेतला आणि न पिता स्वतःसमोर ठेवला.

मग हाजी मुफ्लिहच्या पोटातून हसू फुटलं आणि म्हातारा खोकेपर्यंत हसला. मी भावाकडे बघत होते. आधी कान लाल झाले, मग मान.

"मागा," तो म्हणाला.

"माझं शिक्षण संपेपर्यंत मला या घरात राहू द्या."

भावाने माझ्याकडे पाहिलं. ही तुझीच कारस्थानं, असं त्याची नजर म्हणत होती. खरं तर मी तिला रीती शिकवल्या होत्या, ही चाल नव्हे. शिकवलेलं पचवून त्याच्याही पुढे जाणारी एखादीच विद्यार्थिनी मिळते, आणि त्या दिवशी माझा ऊर असा भरून आला की मी भिंतीकडे तोंड केलं.

"प्या," भाऊ म्हणाला. "दिलं. हाजी, तुम्ही साक्षी." आणि मग, हिशेबी माणूस तो, शेवटी विचारलंच, "पण बाई, तुमचं हे शिक्षण संपणार तरी कधी?"

मारिएताने पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाली, "अबू हायेल, तुम्ही जन्मापासून अरबी बोलताय. तुमचं संपलं का?"