पाचवी डिस्क आणि दोन लेबलं

कंपाउंडरकाकांनी चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं दिली, पण बाटलीत आधी औषध ओतून मग लेबल लावलंय, असं एकदाही झालं नाही. आधी लेबल, मग औषध. उलटं करणारा एखाद्या दिवशी कुणाच्या तरी जिवावर उठतो, असं ते म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण जित्याची खोड ती. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या घरी साखरेच्या डब्यालासुद्धा आधी चिठ्ठी लागे आणि मगच साखर.

तेव्हा फोटोंसाठी पाच कोऱ्या डिस्क आणल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? पाचही डिस्कवर, मधल्या भोकाच्या बरोबर वर, पट्टीने मापून लेबलं चिकटवली: 'ताईसाठी. दिवसातून दोन वेळा, सावकाश.'

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. वडील गेल्यावर तिने शाळा सोडली आणि शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करून भावाला शिकवलं. आता तिची नजर चालली होती. बघायचं ते दोन-तीन महिन्यांत बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मोबाइलवर तिला काही दिसत नसे. मोठ्या टीव्हीजवळ बसलं की दिसे, आणि त्या टीव्हीखालच्या जुन्या यंत्राला डिस्कशिवाय काही कळत नसे. काकांनी एकशे बारा फोटो निवडले होते: पहिल्या नोकरीचा, लग्नाचा, मुलाचा, नातीचा. तू नसतीस तर यातलं काहीच नसतं, हे त्यांना साठ वर्षांत तोंडाने बोलता आलं नव्हतं. ताईचा मुलगा गावाहून कामासाठी आला होता, तो आज दुपारी तीनला परत निघणार होता; डिस्क त्याच्याबरोबरच जायला हवी होती.

आणि डिस्क काही होईना. प्रत्येक वेळी निम्म्याच्या पुढे जाऊन संगणक सांगे, डिस्कवर लिहिता आलं नाही. काकांनी फोटो कमी करून पाहिले, संगणक बंद करून चालू केला, डिस्क मऊ फडक्याने पुसली. तीन डिस्क वाया गेल्या. ज्या दुकानदाराकडून आणल्या, त्याच्याकडच्या या शेवटच्याच होत्या.

एक वाजता सून जेवायला घरी आली. ती टायरच्या दुकानात चाकांचा तोल साधायचं काम करायची. लग्नाच्या वेळी काकांनी त्या कामाला नाक मुरडलं होतं, म्हणून तिची मदत मागायला त्यांना आता जड जाई. चौथी डिस्क आत फिरत होती. सून हात पुसता पुसता दारातच थांबली.

"बाबा, हा आवाज कसला?"

"फोटो उतरवतोय. म्हणजे, उतरत नाहीयेत."

"चाक हलतंय त्याचं," ती म्हणाली. तेवढ्यात चौथीही गेली. तिने ती बाहेर काढली, लेबलावरून बोट फिरवलं आणि हसू दाबलं. "एका बाजूला कागद चिकटवलाय तुम्ही. जोरात फिरताना थरथरणारच."

काकांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं ज्या शिस्तीवर त्यांनी माणसं जपली, तिनेच आज घात केला होता.

"मग पाचवीचं लेबल काढून टाकू."

सुनेने आधी वाया गेलेल्या एका डिस्कचं लेबल काढून पाहिलं. कागदाबरोबर चंदेरी पापुद्राही निघून आला. "नाही जमायचं. पण पाचही लेबलं तुम्ही एकाच जागी लावलीत ना?"

"केसाचाही फरक नाही," काका म्हणाले.

"मग काम सोपं आहे."

तिने दुसऱ्या एका वाया गेलेल्या डिस्कवर, लेबलाच्या बरोबर समोर, कागदाचा छोटा तुकडा चिकटवला आणि ती संगणकात फिरवून कान देऊन ऐकलं. मग आणखी एक तुकडा लावला, तो थोडा कापला, पुन्हा ऐकलं. चौथ्या खेपेला घरघर थांबली. तेवढ्याच मापाचं लेबल तिने पाचवीसाठी कापलं.

"थांब," काका म्हणाले. "कोरं लेबल मी जन्मात कशाला लावलेलं नाही." त्यांनी बारीक अक्षरात त्यावर काहीतरी लिहिलं, मगच चिकटवू दिलं. सुनेने सगळ्यात कमी वेग निवडला. तिचं ताट वाढलेलं तसंच राहिलं आणि दोघं शेजारी शेजारी बसून राहिली. दोन चाळीसला फोटो उतरले. काकांनी एकशे बाराही उघडून पाहिले आणि डिस्क भाच्याच्या हातात दिली.

"तुझं जेवण राहिलं माझ्यामुळे," ते सुनेला म्हणाले. त्यांना खरं तर बरंच काही म्हणायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"बाळ, सगळे बघितले रे. दोन वेळा, सावकाश, तू लिहिलंस तसं." मग ती म्हणाली, "खालचं बारीक लेबलसुद्धा भिंग लावून वाचलं. आता फोन तिला दे."

"कुणाला?"

"'सुनेच्या हातगुणाने', असं लिहिलंयस ना? तिला तोंडाने सांगितलंस का? नसशील सांगितलं. मला ठाऊक आहे तुझं. दे तिला फोन, मीच सांगते."

काकांनी फोन सुनेकडे नेला. पण देण्याआधी त्यांनी स्वतःच तिला सांगितलं.