एक तरी तक्रार

माझ्या थोरल्या भावाला सगळं गाव दादा म्हणतं. मीही दादाच म्हणते, पण मी त्याच्या पाठीवर जन्मले म्हणून, आणि गाव म्हणतं ते त्याने कधी ना कधी कुणाच्या तरी पाठीत रट्टा घातला होता म्हणून. पंचवीस वर्षं त्याने दुसरा धंदा केला नाही. बाजारातली दुकानं त्याच्या खोकल्यावर उघडायची आणि खोकल्यावरच बंद व्हायची. मग सहा वर्षं तुरुंगात गेली. तिथे तो शिवणकाम शिकला. सुटताना साहेबांनी त्याला निरोपाची भेट म्हणून एक मोठी कात्री दिली, आणि ती हातात घेऊनच स्वारी बाजारातून घरी आली. अर्ध्या तासात बाजार ओस पडला. दादाला वाटलं, आज सुट्टी असेल.

"धाकटे," तो मला म्हणाला, "यापुढे घाम गाळून खायचं. कोट शिवायचे."

मी कपड्याच्या कारखान्यात वीस वर्षं काजं केली आहेत. म्हटलं, बरं, काजं-गुंड्या मी बघते. जिथे पूर्वी त्याचा जुगाराचा अड्डा होता त्याच खोलीत आम्ही दोन मशीनं टाकली, आरसा लावला, भिंतीला पांढरा रंग दिला. त्याची जुनी माणसं बरीच पांगली होती, दोनच उरली होती. ढब्बूला इस्त्रीवर बसवलं. शिट्टीला काहीच येत नव्हतं. पूर्वी तो कोपऱ्यावर उभा राहून पोलीस दिसले की शिट्टी मारायचा, तेवढीच त्याची विद्या. त्याला दारात उभं केलं, गिऱ्हाइकाला "या" म्हणायला. आजवर शिट्टीने कुणाला "या" म्हटलं आणि तो माणूस आला नाही, असं कधी झालेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी दुकान भरलं.

दादा टेप घेऊन जवळ आला की गिऱ्हाईक आपोआप दोन्ही हात वर करायचं. छातीचं माप घ्यायला सोपं पडायचं म्हणून कुणी त्याला हटकलं नाही. मात्र रस्त्यावरून पोलीस गेला की शिट्टी सवयीने शिट्टी मारायचा, आणि ढब्बू सवयीने टेबलाखाली जायचा. इस्त्री वर तशीच. तीन विजारी अशा जळाल्या. तिसरीच्या मालकाची मी हात जोडून माफी मागितली, तर तो म्हणाला, "छे छे ताई, उलट वारा छान लागतो."

इथेच खरी मेख होती. दादाला कुणी काही बोलायचंच नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. कोटाची बाही सरळ नसते. माणसाचा हात पुढे झुकलेला असतो, म्हणून बाहीही पुढे झुकवून कापतात. डावी डावीकडे, उजवी उजवीकडेच बसली पाहिजे. तुरुंगात मात्र कैद्यांचे सदरे शिवतात, त्यांच्या दोन्ही बाह्या सारख्याच, नळकांडी. कुठलीही कुठेही लावा. दादा तेच शिकून आला आणि कोटाच्या झुकत्या बाह्याही तशाच, हाताला येईल तिकडे लावू लागला. नशीब असं चिवट, की दर वेळी उजवी बाही डावीकडेच जायची. असा कोट घातला की हात मागे ओढले जातात. वर्षभरात आमचं अर्धं गाव, कुणीतरी नुकतंच मुसक्या बांधून नेत असल्यासारखं, कोपर मागे आणि छाती पुढे काढून फिरायला लागलं. मुख्याध्यापक तसे, पोस्टमास्तर तसे, दातांचे डॉक्टर तसे. दुसऱ्या शिंप्याकडे कुणी दुरुस्तीला जाईना, आणि गेलाच तर दुसरा शिंपी दाराला कडी लावायचा. दादा खिडकीतून बघायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "बघ धाकटे, माझा कोट घातला की माणूस कसा ताठ चालतो!"

मी तोंडात धरलेल्या टाचण्या गिळायच्या बेतात यायची, पण बोलायची नाही.

वर्ष झालं तेव्हा दादाच्या लेकीचं पत्र आलं. आईविना वाढलेली ही पोर सात वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. भांडून नाही, रडून नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने मुद्दाम गणिताचा कोरा पेपर दिला होता, आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तो पेपर तिने बापासमोर ठेवला आणि बॅग भरली. आता ती लांबच्या एका शाळेत गणित शिकवते. भोपळे द्यायला जराही मागेपुढे पाहत नाही, असं ऐकून आहे.

पत्रात चारच ओळी होत्या. "बाबा, तुम्ही दुकान काढलंत हे आत्याने कळवलं. सोमवारी येऊन दिवसभर बसेन. एका तरी माणसाने तुमच्या तोंडावर तक्रार केली आणि तो निर्धास्त घरी गेला, हे मला बघायचं आहे. नाही दिसलं तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन आणि पुन्हा येणार नाही."

दादाने पत्र तीनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरगी गेली ना धाकटे, तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी भांडलेलंच नाही." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक झाला, की मला गलबलून आलं.

झालं! सात दिवस होते हाताशी. कामाला लागले सगळे.

आधी दादाने तक्रारपेटी ठेवली. दोन दिवसांनी उघडली तर आत एकवीस चिठ्ठ्या, एकवीसही कौतुकाच्या. एकीत नुसतंच लिहिलं होतं, "माझी मुलं लहान आहेत." दादा चिडला. त्याने फर्मान काढलं, तक्रार केल्याशिवाय कुणी दुकानातून बाहेर जायचं नाही! शिट्टीने दाराला आतून कडी घातली. आतल्या लोकांनी घामाघूम होऊन तक्रारी केल्या. एकाने उन्हाची केली. एकाने आपल्या सासऱ्याची केली. पोस्टमास्तर म्हणाले, "कोट इतका सुंदर झालाय की काढवत नाही, आंघोळ राहून जाते." रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, दुसरं काय!

शेवटी शनिवारी ढब्बूने डोकं चालवलं. "दादा, आपणच एक तक्रारवाला उभा करू. आपला शिट्टी! खोटी मिशी लावू."

"अरे, तिला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचा तो," मी म्हटलं.

"म्हणून तर मिशी," ढब्बू म्हणाला. उंटावरचा शहाणा!

सोमवारी अकराला ती आली. अगदी वहिनीचा चेहरा. दादा पुढे झाला, थबकला, टेप गळ्यात घातला, काढला, परत घातला. "बस," एवढंच म्हणाला. ती आरशाजवळच्या स्टुलावर बसली. दुकानात दातांचे डॉक्टर विजारीचं माप द्यायला आले होते, अंगात आमचाच कोट, कोपर मागे. बिचारे हात वर करायला बघत होते, पण बाह्या वर जाऊ देत नव्हत्या.

तेवढ्यात मिशी लावून शिट्टी आत आला. "मला तक्रार करायची आहे!" तो पाठ केल्यासारखं ओरडला.

"करा," दादा म्हणाला. खरं तर त्याला सौम्यपणे म्हणायचं होतं, पण पंचवीस वर्षांची सवय. शिट्टीच्या मिशीचं एक टोक सुटलं.

"माझ्या कोटाचा खिसा…" शिट्टीला घाम फुटला. "खिसा वाक… वाक… फारच सरळ आहे दादा! इतका सरळ खिसा मी जन्मात बघितला नाही!"

आणि नेमके त्याच वेळी फौजदार आपला नवा कोट न्यायला दारात आले. शिट्टीच्या तोंडून शिट्टी गेली. मिशी उडून डॉक्टरांच्या चष्म्यावर बसली. ढब्बू टेबलाखाली गेला, जाताना टेबलच उचलून गेला, आणि सगळ्या गुंड्या फरशीवर सांडल्या. फौजदारांना वाटलं आतून हल्ला झाला, त्यांनी स्वतःच हात वर केले आणि म्हणाले, "दादा, मी फक्त कोट न्यायला आलोय हो!"

लेक हसायला लागली. पोट धरून हसली, तिच्याबरोबर मीही हसले. मग ती थांबली, आणि बघते तर तिचे डोळे भरले होते.

"बाबा, फौजदारसुद्धा हात वर करतात तुमच्यापुढे," ती म्हणाली. "काही बदललेलं नाही." ती उठली.

दादा नुसता उभा राहिला, खांदे पाडून. त्या क्षणी मला त्याचा नाही, माझा राग आला. गावाला भित्रं म्हणत होते मी वर्षभर. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची म्हणून नाकं मुरडत होते. आणि मी काय करत होते? पहिला कोट मशीनवरून उतरला तेव्हाच मला बाही दिसली होती.

"दादा," मी म्हटलं, "तुला बाही लावता येत नाही."

ढब्बू टेबलाखालून हळूच म्हणाला, "ताई, नका."

"गप रे! दादा, तू डावी बाही उजवीकडे लावतोस आणि उजवी डावीकडे. म्हणून लोक ताठ चालतात. ते ताठ नाहीत, अडकलेत."

दादाच्या कपाळावरची शीर फुगली. ती शीर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फौजदार एक पाऊल मागे सरले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या कोटापासून."

"एकशे बारा कोट झाले."

"एकशे तेरा. हा फौजदारांचा."

"आणि तू आज बोलतेस? तू पण मला घाबरतेस, धाकटे?"

"तुला कोण घाबरतंय!" माझा आवाज चिरकला. "मला वाटलं, बाही चुकली म्हटलं तर तू कात्री टाकशील आणि उद्यापासून परत बाजारात जाऊन खोकायला लागशील. त्यापेक्षा गावाचे हात मागे राहिलेले परवडले, असं वाटलं मला. चुकलं माझं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कात्री उचलली. फौजदारांनी डोळे मिटले.

"कोट आणा इकडे," दादा म्हणाला.

टेबल सरळ करून, कोट पसरून, त्याने स्वतःच्या हाताने टीप न् टीप उसवली. दोन्ही बाह्या मोकळ्या केल्या. "दाखव," मला म्हणाला. मी दाखवलं, पुढच्या बाजूला एक खूण करायची, मागच्या बाजूला दोन, खुणेला खूण जुळवायची. साधीच गोष्ट. त्याने दोनदा चुकवलं, दोनदा मी हातावर चापट मारली. तिसऱ्यांदा बरोबर टाचलं. फौजदारांनी कोट अंगात घातला आणि त्यांचे हात अलगद पुढे आले. त्यांनी ते वर केले, खाली केले, स्वतःचं नाक धरून पाहिलं. "अरे वा!" ते म्हणाले.

"मग माझं काय?"

आवाज डॉक्टरांचा होता. एकदा निघाल्यावर त्यांना तो आवरेना. "चार महिने! चार महिने मी रोग्याच्या दाढेपर्यंत पोचू शकलो नाही! कंबर मोडली माझी वाकून वाकून! परवा एकाचा भलताच दात काढला! मला हा कोट उद्या नीट करून पाहिजे!"

"उद्या नाही जमणार, डॉक्टर," दादा म्हणाला. "शुक्रवारी देतो."

"शुक्रवारी? चूक तुमची आणि थांबायचं मी?"

शिट्टीने डोक्याला हात लावला. दादाने तोंड उघडलं, मिटलं. त्याचा चेहरा मी पन्नास वर्षं बघतेय, पण असा कधी पाहिला नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पण एकशे बारा कोट उसवायचे आहेत हो, आणि हात दोनच."

"हे शिवायच्या आधी कळायला हवं होतं!"

"होतं, मान्य. पण उद्या घाईत केला तर पुन्हा चुकेल, मग परत तुम्हीच ओरडणार."

"ओरडणारच! शुक्रवारी दुपारी चार. सव्वाचार नाही!"

"चार म्हणजे चार."

डॉक्टरांनी कोट काढून टेबलावर आपटला आणि बिनकोटाचे, हात मोकळे हलवत रस्त्याने निघून गेले. जाताना पोस्टमास्तरांना काहीतरी सांगताना दिसले. पोस्टमास्तर थबकले, आमच्या दुकानाकडे बघितलं, आणि कोटाची बटणं काढतच इकडे वळले.

लेक दारातच उभी होती. तिने हातातली गाडीची वेळ लिहिलेली चिठ्ठी पाहिली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

"शुक्रवारी चार," ती म्हणाली. "मी इथेच बसून बघणार आहे, बाबा. सव्वाचार झाले तर भांडण माझ्याशी."

आज सोमवार आहे, म्हणजे पोर शुक्रवारपर्यंत राहणार, हे माझ्या आधी दादाच्या ध्यानात आलं. तो मशीनवर बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला. दोनदा, तीनदा प्रयत्न केला, पण त्याला दिसेचना. शेवटी मीच ओवून दिला.