तीन दहाला वाजलेली परात

मी परात बोलतेय. पांढरी, इनॅमलची, निळ्या काठाची. कणकवलीच्या बाजारात प्रेमाबाईंच्या सासूने मला टकटक वाजवून पारखलं आणि मी सुनेबरोबर मुलुंडला आले. तीस वर्षं माझ्यात तांदळाचं पीठ मळलं गेलं. माझा थाट होता हो घरात! आणि एक दिवस लेकीने, मानसीने, मला चक्क किड्यांसाठी उचललं.

"आई, पांढऱ्यावर किडे पटकन दिसतात गं."

"माझी परात किड्यांक? ने मगे! आता तिच्यात पीठ मळूचा नाय," प्रेमाबाई कडाडल्या आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली.

मानसी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. खाडीलगत एक गोड्या पाण्याचं तळं आहे. खाडी आणि तळं यांच्यात फक्त मातीचा एक बांध. तळ्यातले किडे मोजायचे, हा तिचा प्रकल्प. दर रविवारी ती जाळी बुडवायची आणि सगळं माझ्यात ओतायची. आधी मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू! पण उताणे पोहणारे किडे, लांब तंगड्यांच्या निवळ्या आणि चतुराच्या गबाळ्या अळ्या यांचा मला लळाच लागला. माझ्या काठाचा टवका उडालाय ना, तिथे पाय रोवून एकदा एक अळी वर चढली. तिची पाठ उकलली आणि आतून लाल चतुर निघाला. त्या दिवशी मी स्वतःला भाग्यवान समजले.

मग एका बुधवारी दुपारी मी भिंतीवर खडखडले. दोन-तीनदाच, पण अंगभर. प्रेमाबाई जिन्यात जाऊन वर ओरडल्या, "कमल, किती फोडतलंस गे त्ये टाईल्स!" वरच्या कमलकाकूंकडे घरकाम चालू होतं. मी मात्र हबकले. हा हादरा वरून आला नव्हता, खालून आला होता. पण परातीचं कोण ऐकणार?

मधला रविवार पाहुण्यांत गेला. पुढच्या रविवारी मानसीने जाळी ओतली आणि पुन्हा पुन्हा मोजू लागली. आधीच्या खेपेला चतुराच्या सत्तेचाळीस अळ्या होत्या. आज एकही नाही. नुसत्या खाडीकडच्या खाऱ्या पाण्यातल्या माश्यांच्या अळ्या वळवळत होत्या. तिने दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. तेच.

तिच्या मार्गदर्शक वसुधा मॅडम. मानसी त्यांच्याकडे गेली तेव्हा मी तिच्या पिशवीतच होते.

"हे त्या तळ्यातलं नाही. चौदा वर्षं ते तळं बघतेय मी. खाडीवरच भरून आणलंस ना?"

"मॅडम, शप्पथ, त्याच जागचं आहे."

"असल्या कामावर मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे वर्ष गेलं. मानसी घरी येऊन जिन्यातच रडत बसली. कमलकाकू खाली आल्या, तिला पाणी दिलं. तेवढ्यात प्रेमाबाईंनी परत टाईल्सचा विषय काढला.

"त्या बुधवारी आमचा मिस्त्री आलाच नव्हता!" काकू उसळल्या. "आमच्या बशा पण हलल्या. मला वाटलं तुम्हीच काहीतरी फोडताय."

मानसीचं रडं थांबलं. "काकू, किती वाजता?"

"तीन दहा. तुझ्याशीच भांडायला येणार होते गं प्रेमा, म्हणून घड्याळ बघितलं ना."

मानसीने मोबाइल काढला. बातमी चार ओळींची होती. बुधवार, तीन दहा, भूकंपाचा सौम्य धक्का, नुकसान नाही.

तिने ती मॅडमना पाठवली आणि सकाळी मॅडम स्वतः तळ्याच्या चिखलात उतरल्या. आधीच पोकळ झालेला बांध एका जागी वीतभर खचला होता आणि उधाणाचं पाणी बिनबोभाट आत शिरलं होतं. त्यांनी माझ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट आहे गं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मानसी, चूक माझी. सही मी करते." पण दोघींपैकी कुणालाच आनंद झाला नाही.

मी अजून बाल्कनीत आहे. परवा प्रेमाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "ह्या मीठ खयसून इला गे?" मानसीने सांगितलं. प्रेमाबाईंनी मीठ लागलेली बोटं पदराला पुसली. त्यांनी मला धुतलं नाही, तसंच ठेवलं.

दर रविवारी मानसी मला पाण्याने भरते आणि मी त्या टवक्याकडे बघत राहते. कुणी चढत नाही. बाबांनो, पुन्हा कधी घरातली भांडी वाजली तर वरच्यांवर ओरडण्याआधी क्षणभर खाली बघा. नुकसान नाही, असं छापून आलं होतं. माझ्याकडे सत्तेचाळीस अळ्या होत्या.