लोंढा एकाच बाजूला

राईनकाठच्या आमच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं तारा जोडते आहे. सोन्याच्या अणूंची केंद्रकं एकमेकांवर आदळली की हजारो कण उडतात. टक्कर जरा कडेने झाली, तर ते वाटेल तसे विखुरत नाहीत; पाण्याच्या लोंढ्यासारखे एकत्र, एका अंगाने जास्त वाहतात. तो लोंढा टिपणाऱ्या यंत्राची देखभाल माझ्याकडे.

मार्चमध्ये यंत्राचा कण टिपणारा एक पट्टा मेला. मी आमचे गटप्रमुख प्रोफेसर स्टेगर यांना लेखी कळवलं. एकदा नाही, चारदा.

"काउत्सबाई, तुम्ही तारा सांभाळा," ते म्हणाले. "भौतिकशास्त्र आम्ही बघतो. यंत्र थांबवलं तर परिषदेत काय दाखवू, तुमचा पेचकस?"

शेजारचे दोघे हसले. मी पुन्हा तारांकडे वळले, त्याची अजून चीड येते.

जूनमध्ये व्हीबके टाम्सेन माझ्या कार्यशाळेत आली. स्टेगरांच्या गटातली सगळ्यात हुशार बाई, दर वर्षी नोकरीच्या नव्या कराराची वाट बघणारी. तिच्या हातात आलेख होता.

"गेर्लिंडे, हे बघ. चाळीस हजार टकरी. लोंढ्याची दिशा दर टकरीत बदलायला हवी ना?"

"हवीच. आपल्या हॉलचं दार कुठे आहे, हे केंद्रकाला काय ठाऊक!"

"मग सगळे एकाच बाजूला का झुकलेत?"

मी बोट ठेवलं. "इथे माझा मेलेला पट्टा आहे. तिकडचे कण दिसतच नाहीत, म्हणून दुसऱ्या बाजूला जास्त वाटतात."

तिने आलेख उचलला. "आणि हाच आकडा घेऊन स्टेगर परवा परिषदेला निघालेत."

मी माझ्या चिठ्ठ्यांची फाइल घेतली आणि आम्ही दोघी तशाच गटाच्या सभेत घुसलो. व्हीबकेने आलेख पडद्यावर लावला. स्टेगरांनी तो पाहिला आणि ते चक्क माझ्याकडे वळले.

"म्हणजे देखभालीत हयगय झाली. दुर्दैवी आहे."

माझं डोकं फिरलं. "हयगय? एकोणीस मार्च!" मी ओरडले आणि पहिली चिठ्ठी वाचली. मग दुसरी. मग तिसरी. परत आलेल्या चौथीवर त्यांचंच अक्षर होतं: 'पाहिलं. नंतर बघू.'

परिषदेतलं भाषण रद्द झालं. पट्टा दुरुस्त करायला मला पाच आठवडे लागले. व्हीबकेने सगळं पुन्हा मोजलं. लोंढा खरा निघाला, पण आधीच्या आकड्याच्या दोन तृतीयांश. ऑक्टोबरमध्ये तिचा करार संपला आणि स्टेगरांनी तो वाढवला नाही. ती म्युन्स्टरला शाळेत शिकवायला गेली.

पुढच्या वसंतात या मोजणीवरचा लेख छापून आला. स्टेगरांनी सगळ्यांना फेसाळती वाइन दिली. मी लेखकांची यादी वाचली.

"व्हीबकेचं नाव?"

"ती आता आपल्याकडे नाही, काउत्सबाई."

"मोजलं तेव्हा कोण होतं? तुमची सासू?"

पेला तसाच ठेवून मी खाली गेले आणि नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. सोबत चारही चिठ्ठ्या आणि तिच्या सहीचे, तारखांचे आलेख जोडले.

तीन महिन्यांनी दुरुस्ती छापली गेली: पहिलं नाव व्हीबके टाम्सेन. तिला फोन करून मी ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "नोकरी परत मिळणार नाही, गेर्लिंडे."

"माहितीये," मी म्हटलं. आणि दोघींनी मिळून स्टेगरांना मनसोक्त शिव्या घातल्या.