पान्याची जागा

सकाळी उठल्यावर सासरे आधी गॅरेजचं दार उघडत आणि मग तोंड धूत. सासूबाई असल्यापासूनचा हा क्रम त्या गेल्यावरही चुकला नव्हता. आजही सुनेने चहाचं आधण ठेवून खिडकीचा पडदा सारला, तेव्हा समोरचं दार वर गेलेलं होतं आणि गवत कापायची लाल गाडी गॅरेजच्या तोंडाशी, सपाट फरशीवर घरघरत उभी होती. तेल जरा तापलं की गाळासकट बाहेर पडतं, म्हणून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, ही सासऱ्यांची पद्धत. मग त्यांनी गाडी बंद केली, चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि खिसा वरून थोपटला.

त्यांच्या मागच्या भिंतीवर लाकडी फळा होता. हातोडी, पकडी, करवती, पाने, सगळी हत्यारं त्यावर खिळ्यांना टांगलेली, आणि प्रत्येकाभोवती पांढऱ्या रंगाने काढलेली त्याचीच आकृती. सासऱ्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. ती रेघ इतकी नेमकी होती की हत्यार उचललं की मागे त्याचं भूत राहिल्यासारखं वाटे. वापरलेली वस्तू पुसून तिच्या रेघेत परत गेल्याशिवाय सासरे गॅरेजबाहेर पाऊल टाकत नसत. मुलाला हे लहानपणापासून कधी जमलं नाही, आणि त्याबद्दल त्याने लहानपणापासून बोलणी खाल्ली होती.

आज परीक्षा होती. मागच्या महिन्यात सासऱ्यांनी गाडी कुंपणातून थेट शेजाऱ्यांच्या फुलझाडांत घातली होती आणि वर कुंपणच सरकवलंय असं ठणकावून सांगितलं होतं. तेव्हापासून मुलाने गावाबाहेरच्या वृद्धनिवासात एक खोली बघून ठेवली होती. शेवटी काल जेवताना त्यानेच तोड काढली. "तेल तुम्ही एकट्याने बदला. नीट झालं, तर गाडीही तुमची आणि घरही; मी पुन्हा विषय काढणार नाही. चुकलं, तर त्या खोलीत राहायला जायचं, आणि मग तुम्ही विषय काढायचा नाही."

"मंजूर," सासरे म्हणाले होते. "बॅटरी मात्र सूनबाई धरेल. तू धरलीस तर मुद्दाम अंधार करशील."

त्यामुळे ती आता फरशीवर उकिडवी बसली होती. गुडघ्याखाली जुनं पोतं घेऊन सासरे गाडीच्या कुशीत शिरले होते.

"सूनबाई, उजेड बोल्टवर पाडायचाय. माझ्या टकलावर नाही."

"बोल्टवरच आहे, बाबा."

"हात बघ कसा हलतोय. तू प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायचीस ना? वाचले बिचारे."

ती नोकरी तिने सासऱ्यांसाठीच सोडली होती. तिने घासलेला पेला उजेडात धरून बघायचा आणि पुन्हा विसळायला द्यायचा, हा त्यांचा रोजचा खेळ होता. 'बाबांची सोय लागली की तू परत कामावर जा,' असं नवऱ्याने तिला कबूल केलं होतं. प्रयोगशाळेतली जागा अजून भरली नव्हती, हे तिने चौकशी करून ठेवलं होतं.

नवरा पायरीवर कप घेऊन बसला होता. "बाबा, हातोडी देऊ का? अजून थोडं कुंपण शिल्लक आहे."

"साहेब, तुम्ही चहा प्या. सायकलची साखळी पडली की भर रस्त्यातून बापाच्या नावाने गळा काढणाऱ्याने हत्यारांची नावं घेऊ नयेत."

नवरा हसला, पण कप खाली ठेवताना त्याने तो आपटला.

बोल्ट सुटला. काळं तेल पसरट डब्यात पडलं, आधी धारेने, मग थेंबाथेंबाने. शेवटचा थेंब पडेपर्यंत सासरे हलले नाहीत. जुना फिल्टर त्यांनी काढला, नव्याच्या रबरी कडेला बोटाने तेल चोपडलं आणि तो हाताने फिरवून बसवला. मग तळाचा बोल्ट लावून पान्याने आवळला. त्यांचा श्वास लागला होता. मान वळवून त्यांनी पायरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हात दे इकडे."

त्यांनी तिचा तळवा पान्याच्या दांड्यावर ठेवला आणि त्यावर आपला. "ओढ. सरकतोय?"

तिने जोर लावला. बोल्ट दगडासारखा घट्ट होता. "नाही, बाबा."

"ध्यानात ठेव. माझं कुणी ऐकत नाही आता." या वाक्याला टोमण्याची शेपटी नव्हती, म्हणून ते तिला ओळखीचं वाटलं नाही.

नरसाळ्यातून नवं तेल गेलं. पट्टी पुसून, बुडवून, पुन्हा काढून त्यांनी खूण पाहिली. इंजिन चालवून बंद केलं. खाली पुठ्ठा सरकवला. त्यावर डाग पडला नाही. मग पाना पुसला, फळ्यावर त्याच्या रेघेत टांगला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "सांगा निकाल."

"घाई काय? जरा वेळाने बघू. गळायचं असेल तर तोपर्यंत गळेल."

सासरे साबण घेऊन न्हाणीघरात गेले. गुणगुणत गेले. ती स्वयंपाकघरात येऊन भांड्यांना लागली. खिडकीतून तिने नवऱ्याला गॅरेजमध्ये शिरताना पाहिलं. तो गाडीपाशी वाकला, दिसेनासा झाला. बाहेर आला तेव्हा बोटं पँटच्या मागच्या बाजूला पुसत होता. त्याने वर पाहिलं. दोघांची नजर भिडली, आणि तो कपाळावरचा घाम पुसल्यासारखं करत पायरीवर जाऊन बसला.

"बाबा, या जरा," थोड्या वेळाने त्याची हाक आली. "निकाल लागला."

पुठ्ठा भिजून फुगला होता. नवं तेल मधासारखं स्वच्छ, फरशीच्या सांध्यांतून वाट काढत होतं. ओल्या केसांनी सासरे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात गाडीखाली घातला. बोल्ट बोटांनी फिरला.

"मी आवळला होता."

"कुंपणही सरकवलेलंच होतं, नाही का?" मुलगा म्हणाला.

"मी आवळला होता." ते वळले. "सूनबाई, तू होतीस. तुझा हात ठेवला होता मी. सांग त्याला."

ती फळ्याजवळ उभी होती. पाना पकडीच्या रेघेत लटकत होता, पकडीवरच अडकवलेला, आणि त्याची स्वतःची आकृती शेजारी रिकामी होती. सासऱ्यांनी नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं. चूक कुणाची, हे त्यांना त्या रिकाम्या रेघेने सांगितलं असतं. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

ती अर्धं पाऊल सरकली, आणि पाना व ती रिकामी रेघ तिच्या पाठीआड गेली.

"तुम्ही म्हणालात, फिल्टरचं झालं की शेवटी आवळतो," ती सावकाश म्हणाली. "मग तेल ओतायला घेतलंत. मला वाटलं, आवळला असेल."

"तुझा हात..."

"बॅटरी धरली होती मी, बाबा. हात नव्हता लावला."

सासऱ्यांनी आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. तो त्यांनी उलटा करून पाहिला, मग पुन्हा सुलटा. "असं?" ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसत गेला, तो तिला दिसला. खिशातून चावी काढून त्यांनी ती मुलाला दिली नाही. तिच्या हातात ठेवली.

"मग... मी अंघोळ केलीय का?" त्यांनी विचारलं.

"केलीय, बाबा. केस पुसा."

नवरा त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेला. जाताना त्याने मागे वळून तिच्याकडे आभाराने पाहिलं. तिने नजर दिली नाही. दोघं दिसेनासे झाल्यावर तिने पाना खिळ्यावरून काढला, त्याच्या दांड्यावरचं नवं तेल ओढणीच्या टोकाने पुसलं आणि तो त्याच्या रेघेत टांगला. जरासा कलला होता. बोटाने तिने तो सरळ केला.